पंपावरचे दुकान : एका हेतुबदलाचा इतिहास

२०१८ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एका लहानशा गावी, कन्येकडे मुक्कामास होतो. एके दिवशी दुपारी पोस्टमनने एक रजिस्टर्ड पत्र आणून दिले. घरी दुसरे कोणी नसल्यामुळे सही करून ते मीच घेतले. संध्याकाळी जावयांनी ते वाचले आणि बाजूला ठेवून दिले. घरापासून दोनशे फुटांच्या आत एक जुना पेट्रोल पंप होता. त्याच्या मालकाने आवारातील मोटार-दुरुस्तीचे दोन गाळे बंद करून त्या जागी दूध, पाव, कॉफी आणि किरकोळ जिनसांचे दुकान काढण्याची परवानगी मागितली होती. कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेच्या सुनावणीस उपस्थित राहावे, असा त्या पत्राचा आशय होता.

छत्तीस वर्षे गुजरात राज्याच्या महसूल खात्यात घालविलेल्या माणसाच्या हाती असा कागद पडावा आणि त्याने तो बाजूला ठेवावा, हे संभवनीय नव्हते. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याचे ६५ वे कलम आणि बिनखेतीची प्रकरणे यांतच माझी उमेदीची वर्षे सरली. जमीन कोणाची, यापेक्षा ती कोणत्या हेतूसाठी वापरली जाते, हा प्रश्न आमच्या खात्यात अधिक वेळा विचारला जाई. त्यामुळे परदेशी गावातील हे हेतुबदलाचे प्रकरण पाहण्याची उत्सुकता मला लागली. सुनावणीला तर मी गेलोच. परंतु त्याआधी आठ-पंधरा दिवस गावच्या वाचनालयात बसून, पेट्रोल पंपाचे दुकान का होते, याचा मागोवा घेतला. पुढेही हे वाचन चालू राहिले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे ‘सर्व्हिस स्टेशन’ म्हटले की गाडी धुण्याची जागा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्याचा अर्थ निराळा. जेथे पेट्रोल भरता भरता नोकर काच पुसतो, इंजिनातील तेल व चाकांतील हवा पाहतो आणि पंपाला लागूनच असलेल्या गाळ्यात मिस्त्री गाडीची दुरुस्ती करतो, ते सर्व्हिस स्टेशन. पेट्रोल हा तेथील माल आणि सेवा ही तेथील ओळख.

गंमत अशी की इंधनविक्रीचा आरंभ दुकानातूनच झाला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ या बाई आपल्या दोन मुलांसह पतीने बनविलेली मोटार घेऊन माहेरी निघाल्या. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख गावातील औषधांच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचे द्रावण विकत घेतले. डाग काढण्यासाठी ते तेथे ठेवलेले असे. अमेरिकेतही सुरुवातीच्या मोटारवाल्यांना किराणा मालाच्या किंवा लोहारकामाच्या दुकानातून डब्यांनी पेट्रोल आणून नरसाळ्याने टाकीत ओतावे लागे. १९०५ च्या सुमारास सेंट लुईस शहरात नळीने पेट्रोल भरण्याची सोय झाली. पुढे १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने पिट्सबर्ग शहरात, मोटार थेट आत आणता येईल असे खास बांधलेले स्टेशन उघडले. पहिल्या दिवशी तेथे अवघे तीस गॅलन, म्हणजे सुमारे एकशे चौदा लिटर पेट्रोल खपले. परंतु हवा आणि पाणी तेथे फुकट मिळत असे. सेवा फुकट द्यावयाची आणि तिचा खर्च पेट्रोलच्या नफ्यातून काढावयाचा, हा या धंद्याचा पाया तेव्हापासूनच पडला. पुढील सर्व इतिहास समजून घेण्यासाठी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

एका कंपनीचे पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या पेट्रोलहून फारसे वेगळे नसते. मग गिऱ्हाईक आपल्याकडे वळावे कसे? कंपन्यांनी सेवेतच चढाओढ लावली. गणवेशातील नोकर आले, रस्त्यांचे नकाशे फुकट वाटले जाऊ लागले. टेक्साको कंपनीने १९३७ मध्ये वॉल्टर डॉर्विन टीग या रचनाकाराकडून पांढऱ्या इनॅमलच्या पत्र्यांचे, दुरुस्तीचे गाळे असलेले एक नमुनेदार स्टेशन तयार करून घेतले आणि तशी स्टेशने देशभर उभारली. स्वच्छतागृहे नीट आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तिने फिरती तपासणी पथकेही नेमली. एडवर्ड हॉपर या प्रख्यात चित्रकाराने १९४० साली अशाच एका आडवाटेच्या पंपाचे चित्र काढले, यावरून ही वास्तू त्या समाजाच्या मनात कशी रुजली होती, हे दिसून येते.

मात्र या सुवर्णकाळाचे वर्णन करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ही सेवा सर्वांना सारखी मिळत नव्हती. कृष्णवर्णीय प्रवाशांना अनेक ठिकाणी पेट्रोल मिळे, पण स्वच्छतागृहाचे दार उघडत नसे. काही ठिकाणी पेट्रोलही नाकारले जाई. न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ग्रीन या टपालखात्यातील कर्मचाऱ्याने, आपल्या लोकांना कोठे थारा मिळेल याची माहिती देणारी पुस्तिका १९३६ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि ती तीस वर्षे निघत राहिली. एसो कंपनीच्या पंपांवर ही पुस्तिका मिळत असे. गेलेल्या काळाबद्दल हळहळताना त्या काळात कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागले, हेही पाहावे. आपल्या जुन्या आळ्यांच्या आठवणी काढतानाही हे पथ्य पाळावयास हवे.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. १९२७ साली टेक्सास राज्यातील डॅलस शहरात साउथलँड आइस कंपनीच्या बर्फाच्या गोदामावर जेफरसन ग्रीन नावाचा एक कर्मचारी काम करीत असे. त्या वेळी घरोघरी शीतपेट्या होत्या, पण त्या बर्फाच्या लादीवर चालत. बर्फासाठी गोदाम रात्री उशिरापर्यंत व रविवारीही उघडे असे. इतर दुकाने मात्र बंद. ग्रीन याने बर्फासोबत दूध, पाव आणि अंडी ठेवण्यास सुरुवात केली. ही कल्पना कंपनीला पटली व तिची दुकाने वाढत गेली. १९४६ मध्ये, सकाळी सात ते रात्री अकरा या वेळेवरून त्यांना ‘सेव्हन-इलेव्हन’ हे नाव मिळाले. निवडीला वाव थोडा, किंमत थोडी चढी, पण दुकान जवळ आणि वेळीअवेळी उघडे, हे कन्व्हीनियन्स स्टोअरचे लक्षण. त्याला आपण ‘सोयीचे दुकान’ म्हणू. तेथे वस्तूपेक्षा वेळ विकली जाते, असे म्हटले तरी चालेल.

पंपावर खाद्यपदार्थ येणे हेही काही आजचे नव्हे. हार्लंड सँडर्स या गृहस्थाने १९३० साली केंटकी राज्यातील कॉर्बिन येथे शेल कंपनीचा पंप चालवावयास घेतला आणि वाटसरूंना आपल्याच जेवणाच्या टेबलाशी बसवून जेवू घालण्यास आरंभ केला. त्यांच्या नावाची तळलेली कोंबडी आज जगभर विकली जाते, तिचे मूळ त्या पंपावर आहे.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते स्वयंसेवेमुळे. गिऱ्हाइकाने स्वतःच पेट्रोल भरावे आणि गॅलनमागे काही सेंट वाचवावे, हा प्रयोग १९४७ मध्ये लॉस एंजेलिस येथे गाजला होता. परंतु पंपापाशी उभे राहून पैसे घेण्यास तरीही माणूस लागे. १९६४ च्या जूनमध्ये कोलोरॅडो राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे एका सोयीच्या दुकानात, गल्ल्यावर बसूनच बाहेरचा पंप चालू-बंद करण्याची व रक्कम पाहण्याची यंत्रणा बसविण्यात आली. दूध विकणारा नोकरच आता पेट्रोलही विकू शकत होता. त्या दिवशी काय घडले याची फारशी कोणी दखल घेतली नाही. पण काच पुसणाऱ्या नोकराची गरज तेथेच संपली होती.

त्यानंतर एकामागून एक कारणे जुळत गेली. १९५६ च्या कायद्याने देशभर द्रुतगती महामार्ग बांधले जाऊ लागले आणि वाहतूक गावातल्या रस्त्यांवरून तिकडे वळली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले. पंपांवर रांगा लागल्या आणि जिकडेतिकडे ‘पेट्रोल नाही’ अशा पाट्या झळकल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सव्वादोन लाखांच्या घरात सर्व्हिस स्टेशने होती. पुढील दोन दशकांत त्यांतील फार मोठा भाग नाहीसा झाला. गिऱ्हाईक दोन-चार सेंटच्या फरकासाठी पंप बदलू लागले, तेव्हा फुकटच्या सेवेचा खर्च काढण्याइतका नफा पेट्रोलमध्ये उरला नाही. आर्को कंपनीने १९७८ मध्ये ‘एएम पीएम’ या नावाने पंपावरची दुकाने सुरू केली, १९८२ मध्ये उधारीची कार्डे बंद करून भाव उतरविला आणि अनेक सर्व्हिस स्टेशनांतील दुरुस्तीचे गाळे काढून तेथे दुकाने थाटली. इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला.

इकडे मोटारीही बदलल्या. प्लग साफ करणे, पॉइंट बसविणे, कार्ब्युरेटर खोलणे ही गल्लीतल्या मिस्त्रीची नित्याची कामे होती. इलेक्ट्रॉनिक इग्निशन व फ्युएल इंजेक्शन आल्यावर ती उरली नाहीत. १९९६ पासूनच्या गाड्यांत दोष ओळखणारी संगणकीय यंत्रणा सक्तीची झाली. कानाने इंजिन ऐकून आजार सांगणाऱ्या वैद्याच्या जागी महागडी उपकरणे आली. ती लहान पंपवाल्याला परवडणारी नव्हती.

शेवटचा घाव जमिनीखालून बसला. पंपाच्या पोटात पुरलेल्या पोलादी टाक्या कालांतराने गंजल्या व त्यांतून पेट्रोल झिरपून भूजलात मिसळू लागले. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने भूमिगत टाक्यांबाबत कायदा केला. १९८८ मध्ये त्याचे तपशीलवार नियम निघाले आणि जुन्या टाक्यांना गंजरोधक संरक्षण देण्यासाठी, अन्यथा त्या बदलण्यासाठी वा बंद करण्यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख ठरली. त्या वेळी देशात वीस लाखांहून अधिक टाक्या या नियमांच्या कक्षेत होत्या. आज साडेपाच लाखांच्या आसपास उरल्या आहेत. गळतीच्या सफाईसाठी गॅलनमागे एक-दशांश सेंटचा कर बसवून निधीही उभारण्यात आला. नियम योग्यच होते, कारण लोकांच्या विहिरींचे पाणी बिघडत होते. परंतु टाक्या बदलण्याचा खर्च एकट्या मालकाला झेपेना. ज्यांना झेपला, त्यांनी तो भरून काढण्यासाठी गाळ्यांत दुकान काढले. आज अमेरिकेतील सुमारे ऐंशी टक्के पेट्रोल सोयीच्या दुकानांच्या आवारातच विकले जाते.

याच सुमारास आपल्या ओळखीची माणसे या इतिहासात प्रवेश करतात. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई लोकांना अधिक खुली झाली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना घालवून दिले, त्यांतील काही गुजराती कुटुंबेही पुढे तिकडे गेली. दीर्घ तासांचे काम, घरच्या माणसांचा हात आणि नातलगांकडून मिळणारे भांडवल, एवढ्या बळावर या लोकांनी आधी मोटेल व नंतर पंप आणि दुकाने चालविली. आमच्या बडोद्याशेजारच्या चरोतरातील घरे या साखळीत किती आहेत, हे तेथील कोणत्याही गावी पारावर बसून विचारावे. न्यू जर्सीतील तो पंपमालकही आणंद जिल्ह्याचाच निघाला. सुनावणीपूर्वी मी त्याच्या पंपावर गेलो आणि गुजरातीत विचारले, की मिस्त्रीकाम का सोडता? तो हसून म्हणाला, “साहेब, गाडीओ बगडती बंध थई गई, पण पेट तो रोज भूख्युं थाय छे.” गाड्या बिघडेनाशा झाल्या, पोटाला मात्र रोज भूक लागते! अर्थशास्त्राच्या चार प्रकरणांचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.

सुनावणी गावच्या नगरपालिकेत संध्याकाळी झाली. तेथील कायदा थोडक्यात असा : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात, कोणत्या विभागात कोणता वापर करावा हे ठरविण्याचा गावाचा अधिकार मान्य केला. विभागणी होण्यापूर्वीपासून चालत आलेला, पण त्या विभागात न बसणारा वापर तसाच चालू ठेवता येतो. तो वाढवावयाचा मात्र झाल्यास मंडळाची मंजुरी लागते. न्यू जर्सीत अशा प्रकरणी दोनशे फुटांतील मालमत्ताधारकांना सूचना द्यावी लागते आणि सात सदस्यांच्या मंडळात किमान पाच मते अनुकूल पडावी लागतात. साधे बहुमत चालत नाही.

मंडळाने विचारलेले प्रश्न मला घरच्यासारखे वाटले. किती गाड्या उभ्या राहतील? दिव्यांचा उजेड शेजारच्या खिडक्यांत जाईल का? गाळ्यांतील हायड्रॉलिक लिफ्ट आणि वापरलेल्या तेलाची टाकी काढल्यावर खालची माती तपासली जाईल का? शेजाऱ्यांपैकी एकाने रात्रीच्या गोंगाटाची तक्रार केली. एका तरुण मातेने, रात्री मुलासाठी दूध आणावयाचे तर तीन मैल जावे लागते, म्हणून पाठिंबा दिला. अखेरीस एक वृद्ध बाई काठी टेकीत उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, की यजमान वारल्यापासून त्यांच्या गाडीची हवा, तेल आणि हिवाळ्यात बॅटरी हे सारे पंपावरचा मिस्त्री पाहत आला. त्याने त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. आता कोणाकडे जावे? अध्यक्षांनी त्यांचे शांतपणे ऐकून घेतले आणि नम्रपणे सांगितले, की हा मुद्दा मंडळाच्या अधिकारकक्षेत येत नाही. सात विरुद्ध शून्य मतांनी परवानगी मिळाली. अटी तीन : रात्री अकराला दुकान बंद, दिव्यांना आडोसा आणि मातीची तपासणी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मामलतदार असताना मी अशाच एका आदेशावर सही केली होती. रस्त्यालगतच्या पंपाशेजारी, लिंबाच्या झाडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री बसत असे. खेड्यातून येणाऱ्या शेतकऱ्यांची इंजिने, पंप, फटफटी, सर्व तोच पाही. पैसे नसतील तर पिकावर घेई. त्या जागेवर दुकानांची चाळ बांधण्याचे प्रकरण माझ्यापुढे आले. कागद पूर्ण होते. मिस्त्रीचे नाव सातबारात नव्हते, भाडेचिठ्ठीत नव्हते, कोठेच नव्हते. मी मंजुरी दिली. नियमाप्रमाणे ती बरोबरच होती आणि आजही ते प्रकरण समोर आले तर मी वेगळा आदेश काढू शकेन असे नाही. परंतु त्या मिस्त्रीचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. विचारण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती.

पंपाच्या या इतिहासात खलनायक कोणी नाही, हे माझे अनुमान आहे. दुकानाने सेवेला गिळले नाही. सेवा ही पेट्रोलच्या नफ्यावर पोसलेली होती. तो नफा आटला तेव्हा ती उपाशी मेली. गिऱ्हाइकाने स्वस्त पेट्रोल मागितले, सरकारने शुद्ध पाणी मागितले, कारखानदाराने टिकाऊ गाडी दिली, मालकाने कुटुंब जगविले. यांतील एकही गोष्ट चुकीची नव्हती. तरीही त्या सर्वांच्या बेरजेतून जाणता माणूस वजा झाला. कारण त्याच्या जाणतेपणाची किंमत कोणत्याच पावतीवर कधी लिहिली गेली नव्हती. आणि ज्याची नोंद नसते, त्याच्या नष्ट होण्याचीही नोंद होत नाही.

आपल्या घराण्यांना हे सांगावयास नकोच. दांडिया बाजार, रावपुरा येथील जुन्या वाड्यांच्या ओट्यांवर दुकाने आली, मागोमाग वाडे गेले. दप्तरी ‘रहिवासी’चे ‘वाणिज्य’ झाले. त्या ओट्यावर बसून आल्यागेल्याचा अर्ज लिहून देणारे, पंचांग सांगणारे, आजाऱ्याला काढा सुचविणारे कोणी आजोबा होते, हे मिळकतपत्रिकेत सापडत नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्याने लिहून ठेवावे, एवढेच आपल्या हाती आहे.

२०२३ मध्ये पुन्हा कन्येकडे जाणे झाले. दुकान उत्तम चालले होते. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरता येत नाही. म्हणून पंपावर नोकर होता, परंतु त्याला फक्त नळी धरणे माहीत होते. आवाराच्या कोपऱ्यात विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी एक खांब उभा राहिला होता. गाडीला वीज भरेपर्यंत लोक आत कॉफी घेत बसत. उद्या कदाचित पेट्रोलही जाईल आणि दुकान तेवढे राहील. म्हणजे बेर्था बेंझ यांनी जेथून सुरुवात केली, तेथेच गाडी परत येईल.

मालकाने मला ओळखले. त्या वृद्ध बाईंची मी चौकशी केली. तो म्हणाला, त्या अजूनही येतात. चाकांत हवा मीच भरून देतो. मी विचारले, पैसे घेता का? त्याने नुसती मान हलविली. गल्ल्यावर गर्दी होती. मी कॉफीचे पैसे दिले आणि बाहेर पडलो.